निनादच्या पायाची दृष्ट

सगळ्यात आधी आला तो मार्कस. दारात मावेना एवढा मुलगा, पण बूट बाहेर काढून आला हो मैत्रिणींनो! मागून आणखी तिघं.

माझा नातू निनाद इथे अमेरिकेत कॉलेजच्या टीममधून फुटबॉल खेळतो. या फुटबॉलात बॉल हातात धरून पळतात, लाथ मारायचं काम तेवढं आमच्या निनादचं. काल शेवटची किक चुकली आणि कॉलेज हरलं. आज दुपारपर्यंत पोरगं खोलीतून बाहेर येईना, जेवेना. मला वाटलं, हे टीममधले चौघं भांडायलाच आले.

तर मार्कस जिन्याखालून ओरडला, "निनाद, कम डाऊन! वुई आर हंग्री!"

उतरला की हो! म्हटलं, आता या पायाची दृष्टच काढते. मीठ-मिरच्या ओवाळून तव्यावर टाकल्या, तर धुराचा अलार्म बोंबलायला लागला. सगळे खोकतायत नि हसतायत. आणि मार्कस आपला पाय पुढे करून म्हणतो, "आजी, मी टू!"

टीव्हीवर त्या मोठ्या पगारवाल्या खेळाडूंची मॅच चालू होती. जावई म्हणाले, "आई, खरा खेळ हा. इथे किक चुकली की लगेच नवा माणूस आणतात."

म्हटलं, "म्हणूनच मला पोरांचा आवडतो. त्याच्यावर रुसायचं सोडून घरी आली ना सगळी!"

माझा तर ऊर भरून आलाय. तुम्हाला कुठला खेळ आवडतो गं, पोरांचा की पगारवाल्यांचा?

थालीपिठं फस्त करून गेलेत. येत्या रविवारी परत येणार म्हणालेत, जिंकले तरी आणि हरले तरी.