चौथा ‘व्हय म्हाराजा’

“थांब! थांब रे मेल्या, चौथो बोलूक नाय!”

दाजी असा ओरडत होता की धारगळच्या सड्यावरच्या, त्या कातळी माळावरच्या काजूंची बोंडं अवेळी गळून पडली असतील. लाल धुळीत त्याचे दोन्ही हात वर गेलेले मला गाडीच्या आरशात स्पष्ट दिसले. मी गिअर टाकला, पाय दाबला आणि सुटलो...

या गोष्टीला तीसेक वर्षं झाली. गेल्या महिन्यात सकाळी मी दुकानाची फळी उघडत होतो आणि फोन वाजला. उचलला तर पलीकडे शब्द नाही, नुसता श्वास. असा फोन मला जगात एकच माणूस करतो, सुर्ल्याचा शाणू. त्याची जीभ अडते. पहिला शब्द निघेपर्यंत माणूस चहा करून पिऊन मोकळा होतो. मी म्हटलं, “बोल रे बाबा सावकाश.” बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “दाजी गेलो.” आणि फोन ठेवला. मी अर्धी उघडलेली फळी तशीच धरून उभा राहिलो. गिऱ्हाईक म्हणालं, “शेट, पाव किलो खिळे.” मी त्याला किती दिले देव जाणे.

गोपाळदाजी मूळचा दोडामार्गाकडचा. गोवा मुक्त झाल्यावर खाणींचा धंदा फोफावला आणि सिंधुदुर्गातली निम्मी तरणी पोरं डिचोलीच्या बाजूला उतरली, त्यात हाही आला. सुर्ल्याच्या खाणीवर मातीचा ट्रक चालवायचा. मी त्याचं वर्णन करताना नेहमी सांगतो की दाजीचा ट्रक जेटीवर पोचायचा आणि त्याने उडवलेली धूळ मागून दहा मिनिटांनी यायची. हे खोटं आहे. पाच मिनिटांनी यायची.

त्या काळात आमच्या सड्यावर पीक निघाल्यानंतर गाड्यांची शर्यत व्हायची. गाड्या खास बांधलेल्या नव्हेत. सोमवार ते शनिवार ज्या गाडीतून शेट पणजीला जायचा आणि त्याची बायको माहेरी जायची, तीच गाडी रविवारी मागचं बाकडं काढून पळवायची. वाटोळा, खडबडीत रस्ता, त्याचे चाळीस फेरे. दाजी पहिल्यांदा उतरला तो आपल्या ट्रकमालकाची गाडी घेऊन. तिसऱ्या फेरीत समोरची काच फुटली. दाजीने गळ्यातला पंचा तोंडाला गुंडाळला आणि उरलेले फेरे तसेच मारले. उतरला तेव्हा एवढा लाल झाला होता की लोकांना वाटलं सड्यातला एक चिराच गाडी चालवत होता. पहिला आला. पुढे पाच वर्षं दुसऱ्या कुणाला पहिला नंबर कसा दिसतो ते ठाऊक नव्हतं.

मग त्याच्या उजव्या डोळ्यावर पडदा आला. खाणीची धूळ म्हणा, फुटलेली काच म्हणा... डॉक्टरने काय सांगितलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. एका सकाळी तो आमच्या दुकानात आला, तो ऐतिहासिक पंचा माझ्या खांद्यावर टाकला आणि म्हणाला, “धाकटे शेट, तुमका गाडी पळवची खाज असा ना? मगे चला.” मी वीस-बावीसचा, पायात वारं. मी विचारलं, “आणि तू?” तो म्हणाला, “माका आता डोळ्यांपेक्षा कानान जास्त कळता. मी भायर उभो रवतलंय.”

तो बाहेर उभा राहिला आणि खरी मजा सुरू झाली. आमच्या जांभ्या दगडावर टायर सोलून निघायचे. म्हणून शर्यतीच्या मध्यावर गाडी आत घेऊन चारही चाकं बदलावी लागत. बाकीचे चालक तेवढ्यात उतरून सोडा पीत. दाजीने चार चाकांना चार माणसं लावली आणि त्या कामाचं चक्क गाऱ्हाणं केलं. आमच्याकडे कुठलंही काम काढण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जण मागणं मागतो आणि जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. दाजी सुर्ल्याला आपल्या अंगणात गाडी उभी करून सराव घ्यायचा. “बा देवा म्हाराजा, गाडी आता भायर जातली. फुडलो डावो, नट घट असत?” पुढच्या डाव्या चाकाचा माणूस नट आवळून म्हणायचा, “व्हय म्हाराजा!” “फुडलो उजवो?” “व्हय म्हाराजा!” “मागलो उजवो?” “व्हय म्हाराजा!” चौथा आवाज मागच्या डाव्या चाकाचा. तो आला की दाजी हात खाली करणार आणि मग मी सुटणार. त्याआधी प्रत्यक्ष ब्रह्मदेव धक्का द्यायला आला तरी हलायचं नाही.

हा चौथा माणूस म्हणजे शाणू. हाडाचा सुतार, हात सोन्याचे, पण जीभ ही अशी! त्याचा ‘व्हय’ निघून ‘म्हाराजा’पर्यंत पोचायचा तोवर माझ्या डोक्याला वाफ यायची. मी दाजीला म्हटलं, “दुसरा माणूस बघ. नाहीतर याला फक्त मान हलवू दे.” दाजीने विडी विझवली. “शेटानू, जो वेगान बोलता तो न बघता बोलता. ह्यो बोलतलो तेव्हा बघून बोलतलो. म्हणान तो शेवटाक.” आणि शाणूकडे वळून, “मेल्या, तू घाय करू नको. हेच्या बापाशीचो खिळो न्हय तो, गाडयेचो नट असा.” शाणू हसला. त्याला हसताना अडखळावं लागत नसे.

अशी आम्ही चार वर्षं जिंकलो. दाजीचं नाव घाट चढून गेलं. मद्रासकडच्या मोठ्या शर्यतीसाठी एका गिरणीमालकाचा माणूस त्याला भेटायला आला. आमच्या सड्यावरची शर्यत झाली की दाजीने तिकडे जायचं, त्यांच्या सगळ्या माणसांचा मुख्य म्हणून. त्याने नवी चप्पल घेतली. वैनी, म्हणजे दाजीची बायको, शेजारणींना सांगत फिरली, “हे आता गाडयो चलवणत नाय, चलवणाऱ्यांका चलवतत.”

त्या रविवारी मी दुसरा होतो. पुढची गाडी एवढी जवळ की तिच्या चालकाच्या मानेवरचा घाम मला दिसत होता. चाकं बदलायला आत आलो. एक आवाज आला, दुसरा, तिसरा. चौथा येईना. मला वाटलं, अडली असणार जीभ. नट बसले असणारच, शाणूचा हात कधी चुकत नाही, उरला फक्त शब्द. आणि शब्दासाठी काय शर्यत हरायची? मी सुटलो.

एक नट आडवा बसला होता. शाणूने तो नीट लावायला उरलेलेही सैल केले होते. पहिल्याच वळणावर चाक निसटलं, काजूच्या झाडांखाली बसलेल्या माणसांत गेलं आणि पार्से गावची एक बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती तिच्यापासून हातभर अंतरावरून निघून गेलं. हातभर. हे मी वाढवून सांगत नाही.

गाडी घासत थांबली. शर्यत भरवणारे धावले; लांबून, गाड्यांच्या गोंगाटात त्यांना दाजीचे हात दिसले नव्हते की ओरडणं ऐकू गेलं नव्हतं. मी खाली उतरलो आणि कुणी विचारायच्या आधीच म्हणालो, “चारही आवाज आले होते. मी माझ्या कानांनी ऐकले.” सगळ्यांच्या नजरा शाणूवर. त्याच्या हातात पाना, तोंड उघडलेलं, गळ्याची शीर ताणलेली... आणि शब्द येईना. मी ते बघत उभा राहिलो. तेव्हा दाजी पुढे आला. “त्याका कित्याक बघतास? हात मी खाली केलंय. चूक माजी.”

त्याला मैदान कायमचं बंद झालं. मद्रासचा माणूस नंतर आलाच नाही. दाजी सुर्ल्याला परतला आणि खाणी बंद पडेपर्यंत ट्रकांच्या स्प्रिंगांचे पाटे ठोकत राहिला.

आणि मी? मी ती गोष्ट सांगत सुटलो. हमरस्त्यावरच्या तावेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, लग्नात, चवथीच्या भजनानंतर. पहिल्या वर्षी चाक काजूच्या झाडांपर्यंत गेलं. दुसऱ्या वर्षी ते शेतं ओलांडून देवळाच्या तळीत पडलं. पाचव्या वर्षी त्याने तेरेखोलची नदी पार केली आणि पलीकडच्या, महाराष्ट्राच्या पोलिसाने त्याला परवाना विचारला. लोक हसून लोळायचे. प्रत्येक वेळी त्यात एक वाक्य असायचं, “दाजीने हात खाली केला आणि मी सुटलो.” कित्येकदा दाजी समोरच बसलेला असे. काजूच्या हुर्राकचा पेला फिरवत हसायचा, वर भर घालायचा, “पोलिसाक चाकान सलाम केल्यान, तां सांगूक नाय तू.” शाणू मात्र चाक नदीपर्यंत पोचायच्या आत उठून बाहेर जायचा. मी इतकी वर्षं हेच समजत होतो की त्याला माझ्या गोष्टी आवडत नाहीत.

तेराव्याला मी गेलो तेव्हा गर्दी होती, किंवा ती आहे असं मी मानून घेतलं. आठ दिवसांनी पुन्हा गेलो. ज्या अंगणात आम्ही गाऱ्हाणं घालायचो तिथे पाण्याचं पिंप एका लोखंडी रिमवर बसवलंय. रिमची कड एका जागी मुडपलेली आहे. तेच चाक. नदी-बिदी काही ओलांडलेली नाही त्याने. दाजीने ते स्वतः उचलून घरी आणलं होतं आणि रोज सकाळी त्याच्याशेजारी बसून दात घासायचा. मी अनेकदा त्या पिंपातलं पाणी प्यायलो, खाली कधी बघितलं नाही.

वैनी सोप्यावर काजूबिया सोलत होती. शाणू पिंपाला पाचर मारत होता. मी उभ्याउभ्याच म्हटलं, “वैनी, त्या दिवशी दाजीने हात केला नव्हता. दोन्ही हात वर होते त्याचे. शाणूही बोलला नव्हता. मला ठाऊक होतं.” तिने माझ्याकडे बघितलं, चिकाने माखलेले हात राखेत पुसले, आणि पुन्हा बी उचलली.

मी शाणूकडे वळलो. “तुला माहीत होतं, दाजीला माहीत होतं. तीस वर्षांत एकदा तरी मला तोंडावर का नाही बोललात रे?”

शाणूने पाचर बसवली. पिंप हलवून बघितलं. मग नेहमीएवढाच वेळ लावून म्हणाला, “दाजी म्हणा होतो, धाकटे शेट आपणच येतले सांगूक.”