चमचाभर दाण्याची चटणी

अंगाला खाज शेंगदाण्याने येते का, हे पाहायला डॉक्टरांनी तीन आठवडे दाणे बंद केले होते. आज परीक्षा. भाकरीबरोबर चमचाभर दाण्याची चटणी खाल्ली आणि बाही वर सारून हाताकडे बघत बसलो. जीभ सुखात होती, डोळे पहाऱ्यावर होते. मनगटाजवळचा जुना तीळसुद्धा संशयित वाटला. जन्माच्या मित्राची झडती घेतल्यासारखी लाज वाटत होती.

तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, गेल्या एकादशीला दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी खाल्लीत, त्यात दाण्याचं कूट नव्हतं का?"

खरंच की! उपवासाचं खाणं मी खाण्यात धरलंच नव्हतं. आणि त्या दिवशी अंगानेही धरलं नव्हतं.

मी बाही खाली केली आणि चटणीची बरणीच पुढे ओढली.