दोन खुणांचे आबा

आमच्या आबांना पत्ता विचारणाऱ्याचं काही खरं नसायचं. नागावला वहिनींच्या होमस्टेच्या ओटीवर ते बसलेले असत. गाडीची काच खाली करून कोणी विचारलं, "बाबा, बीच कुठे?" की आबा उठून उभे राहत, डोळ्यांवर आडवा हात धरत आणि सांगत, "ती पांढरी टाकी दिसते? तिच्या पाठी वाकडा माड हाय. सरळ जावा. टाकी माडाला झाकील तवा उजवीकडं वळा." माणसं हसून पुढे जात आणि दोन घरं सोडून तिसऱ्याला विचारत. आबा मान हलवून म्हणायचे, "पोचतील. पन चुकून पोचतील."

आबा म्हणजे सुनंदावहिनींचे सासरे. चाळीस वर्षं तांडेल होते, म्हणजे मासेमारीची नाव त्यांच्या शब्दावर चालायची. डोळ्यांत पडदा यायला लागला तेव्हा मुलाने नाव विकली, घराला चार खोल्या वाढवल्या आणि पाहुणे ठेवायला सुरुवात केली. मी तिथे भाकऱ्या भाजायला आणि खोल्या झाडायला होते. माझं गाव तळा तालुक्यात, डोंगरात. भाताची शेती. आठवीत शाळा सुटली. आबा मला नावाने कधी हाक मारायचे नाहीत. "काय गो डोंगर, भाकरी झाली का?" असं विचारायचे. मी म्हणायचे, "आबा, डोंगराला भाकरी भाजता येत नाही." त्यावर ते म्हणायचे, "ते दिसतंयच की."

एकट्या खुणेवर त्यांचा विश्वास नव्हता. समुद्रात नुसतं देऊळ दिसलं म्हणून काही कळत नाही, देवळाच्या पाठची टेकडी कुठे आहे ते बघावं लागतं. दोन्ही एका रेषेत आली की आपण कुठे आहोत ते पक्कं. हे ते मीठ शोधतानासुद्धा करत. डबा हाताला लागला तरी विचारत, "ह्याच्या डाव्या बाजूला हळद हाय ना?" वहिनी वैतागायच्या. "अहो मामंजी, चाखून बघा की!" आबा म्हणायचे, "चाखून सगळेच वळखतात."

दुसरी सवय मागे वळून बघण्याची. घरातून निघाले की दहा पावलांवर थांबून मागे बघत, पुढच्या वळणावर परत. पाहुण्यांना वाटायचं म्हाताऱ्याचं काहीतरी राहिलं. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "जाताना जे पाठीवर असतं ते येताना तोंडावर असतं. आधी बघून ठेवलं न्हाय तर आपलंच बंदर परकं दिसतं."

आमच्याकडे पाठीवर पिशवी घेऊन एकट्या फिरणाऱ्या मुली यायच्या. मी त्यांच्या खोलीत चहा नेला की दारात रेंगाळायचे. त्यातली एक, कुठूनशी परदेशातून आलेली, जाताना तिची जुनी सॅक मला देऊन गेली. एक पट्टा तुटला होता. तिने मोडक्या हिंदीत सांगितलं होतं की हनोईला जा, तिथले लोक भात आणि मासे खातात, तुला जड जाणार नाही. हे वाक्य माझ्या डोक्यात दोन वर्षं बसून राहिलं. परदेशात जायचं कारण म्हणून ते फार हलकं आहे, मला माहीत आहे. पण मला कोणी तोवर कुठे जा म्हणून सांगितलंच नव्हतं.

पगारातले पैसे साठवले होते. पावसात होमस्टे रिकामा असतो, तेव्हा बारा दिवस जायचं ठरवलं. माझा मोठा भाऊ, दादा, म्हणाला, "मुंबईत उतरलीस तर दादर सापडत नाही तुला. चौथ्या दिवशी रडत परत येशील आणि मग सगळ्या तळा तालुक्यात सांगत फिरावं लागेल." वहिनींनी कपाळावर हात मारला. आबांनी मात्र सॅक मागितली. जाळं विणायच्या सुईने, नायलॉनच्या दोऱ्याने, बोटांनी चाचपत चाचपत पट्टा शिवून दिला. तासभर लागला. मग म्हणाले, "पट्टा तुटनार न्हाय. तुझं तू बघ."

हनोईतले पहिले दोन दिवस मला नीट आठवत नाहीत, नुसता थकवा आठवतो. झोप झाली नव्हती. हॉस्टेलच्या डॉर्मिटरीत आठ पलंग, मी वरच्या पलंगावर. डबा उघडला तर सुकटीच्या चटणीचा वास खोलीभर झाला आणि एका मुलीने काही न बोलता खिडकी उघडली, मग पाऊस आत यायला लागला म्हणून बंद केली. त्या दोन्ही वेळा मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग केलं. बाहेर पाट्या इंग्रजीसारख्या अक्षरांत, पण अक्षरांच्या डोक्यावर टोप्या आणि पायाशी टिंबं. अक्षर ओळखीचं, शब्द एकही नाही. जरा बरंही वाटलं. आपल्याकडच्या शिकलेल्या माणसालासुद्धा इथे वाचता येत नसणार.

फोनवरच्या नकाशात मला माझाच निळा ठिपका कुठे तोंड करून उभा आहे ते कळायचं नाही. म्हणून आबांचं शास्त्र वापरलं. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून दोन खुणा धरल्या. एक, समोरच्या गच्चीवरची निळी टाकी. दुसरी, तिच्या मागे आकाशात दिसणारं पिवळं टोक. दोन्ही एका रेषेत आली की माझी गल्ली. फार शहाणी झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत फिरले तर टाकी होती, पिवळं टोक नव्हतं. ते दुसरीकडेच, एका बँकेच्या डोक्यावर दिसत होतं. मी त्याच्या मागे गेले. मग ते आणखी सरकलं. फोनची बॅटरी संपली होती. तीन तास मी त्या गल्ल्यांतून भिजत फिरले, मोटारसायकलींच्या लोंढ्यात दोनदा रस्त्याच्या मधोमध उभी राहून रडले. शेवटी एका सूपवालीच्या बुटक्या स्टुलावर बसले आणि हॉस्टेलचं कार्ड तिच्यापुढे धरलं. तिने पातेल्यावर झाकण ठेवलं, माझं मनगट पकडलं आणि चालू लागली. हॉस्टेल तिच्या मागच्याच गल्लीत होतं.

तिसऱ्या दिवशी मी पलंगावरून उतरलेच नाही. परत जायचं ठरवलं होतं. तिकीट बदलायचं कसं तेवढं कोणाला तरी विचारायचं राहिलं होतं. दादाचं तोंड दिसत होतं. एकदा मी अशी परत गेले असते तर पुन्हा नागावच्या पुढे गेले नसते, हे मला तेव्हाही स्वच्छ कळत होतं. तरी जायचंच होतं. दुपारी आबांना फोन लावला. वहिनींनी त्यांच्या कानाला धरून दिला. मी सगळं सांगितलं.

"पिवळं म्हंजे कसलं पिवळं?" आबांनी विचारलं.

"इमारत बांधायची क्रेन."

पलीकडे त्यांना हसताना खोकला लागला. "अगो डोंगर! चालतं गलबत निशानी म्हनून धरलंस?"

मी हसले नाही. म्हटलं, "आबा, मी परत येते. मला भीती वाटते. जेवण जात नाही, पोटात सारखं ढवळतं."

ते वहिनींना म्हणाले, "तू जा आत, दूध बघ." दार लोटल्याचा आवाज आल्यावर आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं, "आयक. नाव सुटायच्या आधी मी खडकांपाठी जायचो. दर खेपेला. खलाशी म्हनायचे, तांडेल दर्याची पूजा करतोय, हाक मारू नका. पूजा कसली! पोटात कळ यायची गो भीतीनं. चाळीस वर्सं. लोटा घेऊन बसायचो तिथं."

"चाळीस वर्षं?"

"शेवटच्या खेपेला पन. खाडीच्या भायेर पडलो की थांबायची. आत होतो तोवर न्हाय." मग म्हणाले, "तुला यायचं तर ये, कोन काय बोलत न्हाय. बोलला तर मी हाय. पन आधी संडासला जाऊन ये, मंग भायेर एक फेरी मार आन् मंग ठरव. पलंगावर बसून ठरवू नको."

मी सांगितलं तसंच, त्याच क्रमाने केलं. बाहेर पडले, दर वळणावर थांबून मागे बघत गेले. एक मोटारसायकलवाला माझ्याकडे बघून स्वतःही मागे बघायला लागला. फेरी मोठी झाली. तिकीट बदलायचं मी कोणालाच विचारलं नाही. राहिलेले नऊ दिवस मजेत गेले असं म्हणणार नाही. रोज सकाळी पोटात ढवळायचं, रोज पाय दुखायचे, पण रोज गेले. आता हे लिहितेय तेही एका परक्या शहरात, इथे पोहोचून दुसरा दिवस आहे आणि दुपारपासून मी खोलीतच आहे. भीती काही गेलेली नाही. फक्त तिचं मला नवल वाटत नाही.

हनोईहून परत आले तेव्हा आबांना जवळपास काहीच दिसत नव्हतं. मंदिरं कशी होती, माणसं कशी होती, त्यांनी विचारलं नाही. ओटीवर बाजूला बसवून म्हणाले, "चल, दाखव. दारातून भायेर पडलो. आता?" आणि मी सांगायला लागले. डावीकडे. घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा रस्त्यावर टेबल मांडून बसतो. त्याच्या पुढे वडाचं मोठं झाड, झाडाच्या मुळांत हातभर देऊळ. टेबल आणि झाड एका रेषेत आलं की उजवीकडे. मग मोठा रस्ता. गाड्या थांबत नाहीत. आपण एकाच चालीने चालत राहायचं, त्या आपल्याला वळसा घालतात. पलीकडे तळं. आबा डोळे मिटून, मांडीवर बोटं चालवत ऐकायचे. प्रवासाने माझी मान पडत असायची, पण ते सोडायचे नाहीत. "मघाशी झाड डाव्या हाताला होतं. आता उजव्या कसं गेलं?" तीन संध्याकाळी त्यांनी मला तो रस्ता चालायला लावला. तिसऱ्या दिवशी स्वतः सांगून दाखवला. एकही वळण चुकलं नाही.

थंडीत आबा गेले. आईच्या दुखण्यामुळे मी तेव्हा गावी होते, पोहोचायला तिसरा दिवस उजाडला. वहिनी मागच्या दारी भांडी घासत होत्या. मी त्यांच्या शेजारी बसून राख पुढे करायला लागले.

मग त्या म्हणाल्या, "शेवटचे दोन दिवस शुद्ध नव्हती गो. काय काय बोलत होते. घड्याळवाला आज बसला न्हाय का, म्हनून विचारायचे. मंग झाड, झाडात देऊळ. चादरीखाली पाय हलवायचे. 'थांबू नको, थांबू नको, त्या वळसा घालतील.' आमी रेवदंड्यात विचारलं, चौलात विचारलं. असं झाडातलं देऊळ कुनालाच ठाऊक न्हाय. कुठल्या गावाचं बोलत होते?"

मी सांगितलं.

वहिनींचा हात पातेल्यात तसाच राहिला. "म्हंजे म्हातारा तिकडं फिरत होता," त्या म्हणाल्या, "आन् आमी इथं उशाशी बसून त्याला हाका मारत होतो."