दारावरचे तीन म्युलर

मुलीकडे जर्मनीला गेले होते. तिच्या इमारतीच्या दारावर आठ घंटा आणि शेजारी आठ नावं, त्यांतली तीन म्युलर. मी आपलं विचारलं, "तिघं सख्खे भाऊ, की भावकी गं?"

लेक हसायलाच लागली. "अगं आई, कुणी कुणाचं नाही. म्युलर म्हणजे गिरणीवाला. पूर्वी गावोगाव पाणचक्की असायची, म्हणून हे आडनाव इथे सगळ्यांत जास्त."

मी बघतच राहिले. गिरणीवाला, आणि तेही असं ठळक अक्षरांत दारावर! माझ्या वडिलांचीही पिठाची गिरणी होती. पण लग्न होऊन शहरात आले, तेव्हापासून शेजाऱ्यांना काय, स्वतःच्या पोरांनाही मी 'व्यापार होता' असंच सांगत आले. वडील भेटायला आले, की दारातच मी त्यांच्या कानामागचं पीठ पदरानं पुसायचे. ते बिचारे मुकाट मान खाली करायचे.

तेवढ्यात एक म्युलरबाई जिना उतरून आल्या. लेकीनं ओळख करून दिली. मी म्हटलं, "सांग त्यांना, माझे वडील गिरणीवाले होते. लोकांचं दळण दळायचे."

"आई? आजोबांचा व्यापार होता ना?"

"गिरणी होती. सांग तू."

तिनं सांगितलं. बाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "आमचं नुसतं नाव हो. गिरणी घरात कुणी पाहिलेलीच नाही. कशी असते?"

मग मी सांगत सुटले. पट्ट्याचा आवाज, हाताला लागणारं गरम पीठ, वडिलांच्या पांढऱ्या पापण्या. लेक जर्मनमध्ये सांगायचं विसरून नुसती ऐकत राहिली.