सरकलेला ठिपका

यवतमाळच्या एका खासगी सेंटरात मी एमआरआय मशीन चालवत होतो. रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर दुसऱ्या शहरात बसून कॉम्प्युटरवर चित्रं बघायचे. त्यांच्याशी फोनवर बोलायचं म्हटलं की माझ्या कपाळावर आठी पडायची.

कळंबचा एक मोटारसायकल मेकॅनिक गरगरतं म्हणून बायकोसोबत आला. रिपोर्टात लिहून आलं: लहान मेंदूत गाठ असावी.

मी चित्रं पुन्हा उघडली. ज्याला गाठ म्हटलं होतं, तो ठिपका डोक्यामागच्या मोठ्या शिरेच्या अगदी सरळ रेषेत होता. शिरेतून रक्त उसळत वाहतं, त्याची सावली कधीकधी भलत्याच जागी उमटते. मी डॉक्टरांना फोन लावला.

"साहेब, मशीनची चित्र घेण्याची दिशा बदलून एकदा घेऊ का? सावली असेल तर सरकेल."

"तू बटणं दाब. निदान मी करतो." फोन बंद.

सेंटरचा मालक म्हणाला, "गेलेला रिपोर्ट उकरू नकोस." मी गप्प बसलो.

चार दिवसांनी ते नवरा-बायको स्कॅनची सीडी मागायला आले. नागपूरला ऑपरेशनचं विचारायचं होतं. त्यानं गॅरेज भावाच्या हवाली केलं होतं. दाढी वाढलेली, नजर जमिनीवर. मला राहवलं नाही.

"एक चित्र पुन्हा घेतो," मी म्हणालो. "खरी गाठ जागची हलत नाही."

बायको उसळली. "चार दिवस घरात चूल नाही पेटली. आता तुमाले प्रयोग सुचून राह्यला?"

तो मात्र मुकाट्यानं मशीनवर जाऊन झोपला. दिशा बदलली आणि ठिपका तिथून गेला, दुसऱ्याच रेषेत उमटला. पहिली जागा स्वच्छ होती. मालकाला न विचारता दोन्ही चित्रं मी डॉक्टरांना पाठवली. संध्याकाळी नवा रिपोर्ट आला: मेंदूत गाठ नाही. आधीच्या रिपोर्टाबद्दल एक अक्षर नाही. गरगरणं कानातल्या दोषामुळे होतं; पुढे कानाच्या डॉक्टरकडे ते थांबलं.

त्या संध्याकाळी बायकोनं कागद हातात घेतला आणि थंडपणे विचारलं, "भाऊ, तुमाले हे पयल्याच दिवशी समजलं होतं?"

"हो."

"मंग बोलले काहून नाही?"

डॉक्टरांचं नाव पुढे करणं सोपं होतं. पण चार दिवस तोंड शिवून मीच बसलो होतो. ती उत्तरासाठी थांबली नाही. नवऱ्याचा हात धरून बाहेर पडली. त्या डॉक्टरांचा मला आजही राग येतो, आणि त्याहून जास्त स्वतःचा.