तीन गावांचा बंब

आमच्या तीन गावांत मिळून आग विझवायचा एकच बंब हाय. तिठ्यावर, माझ्या घराम्होरं उभा असतो. आज दसरा, म्हनून सकाळीच तिन्ही गावची मानसं पूजेला जमली. बंब धुतला, कुंकू लावलं, आन् मग कुनाचा हार सगळ्यात वर यावरनं भांडत बसली.

मी वट्यावरनं बघत हुते. शेजारी माझ्या गोठ्याचा जळका खांब. गोठा पेटला तवा हाच बंब म्होरं उभा हुता, पर आत पानी न्हवतं. पल्याडच्या गावानं भरलं आसंल, असं ज्याला त्याला वाटलेलं. म्हस गेली माझी. तवापासनं बंबाजवळनं जाताना टाकीवर थाप मारायची सवय लागली.

आजबी वट्यावरनं उतरून मारली. ढोलावानी वाजली.

"आरं, पोटात घोटभर पानी न्हाई आन् गळ्यात तीन हार!"

"आजे, पूजा तर होऊ दे," आमचा सरपंच म्हनला.

आम्हा म्हाताऱ्यांचंबी असंच. सनाला समदी पाया पडत्यात, जेवलीस का म्हनून कोन इचारत न्हाई.

मी घरातनं भरली घागर आनली आन् बंबाच्या शिडीवर चढले. खालनं समदी वरडली, "आजे, पडशील!" पडले न्हाई. घागर टाकीत रिकामी केली.

मग कुठं एकजन लाजून पाइप आनायला पळाला. लगेच दुसरा म्हनला, "थांब! पहिलं पानी आमच्या गावच्या विहिरीचं."

"पहिलं माझं पडलंय," मी वरनंच म्हनलं. "आता भांडा."