काकांच्या पित्ताशयातला गाळ

दुधाची पिशवी हातात आली की आमच्या शेजारचे काका ती आधी खिडकीपाशी उजेडात धरायचे. खालीवर करून पाहायचे आणि म्हणायचे, "यात काहीतरी गोम आहे." आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दूधवाला, लिफ्टवाला, सेक्रेटरी, कुणीच या वाक्यातून सुटलं नव्हतं. असे एक गृहस्थ तुमच्याही मजल्यावर असतीलच.

काकू गेल्या आणि काका वाळत चालले. पोट जड वाटतं म्हणून सोनोग्राफी केली, तर रिपोर्ट आला: पित्ताशयात गाळ, खडा नाही. काकांनी ती फिल्मही उजेडात धरली. आता हे डॉक्टरलोक कापायला घेणार, सगळ्यांची साखळी असते, असं त्यांचं ठाम मत. डॉक्टरांकडे मला नेलं ते साक्षीदार म्हणून.

डॉक्टर म्हणाले, पित्त साचून घट्ट झालंय, दुखत नाही तोवर ऑपरेशनची गरज नाही. उपाशी राहणं, वजन झपाट्यानं उतरणं, असं जे कारण असेल ते दूर झालं की बहुतेकदा आपोआप जातं. मात्र तसंच राहिलं तर खडे होऊ शकतात, आणि नळीत अडकलं तर जिवावर बेतू शकतं. जोरात दुखलं, ताप आला, डोळे पिवळे दिसले तर लगेच यायचं.

बाहेर आल्यावर काका कुजबुजले, "ऑपरेशन नको म्हणतो? मग तर नक्कीच गोम आहे."

मला वेगळाच संशय आला होता. उपाशी राहता का, वजन एवढं कसं उतरलं, असं डॉक्टरांनी दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा काका भिंतीकडे बघत "जेवतो की" म्हणाले होते. साऱ्या जगाला खोटं ठरवणारा हा माणूस स्वतः खोटं बोलण्यात अगदीच कच्चा होता. मी वॉचमनला गाठलं. काकांना खानावळीतून येणारा रोजचा डबा तोच खात होता.

"डबा वॉचमन खातो, मग तुम्ही काय खाता?" मी सरळच विचारलं.

या वेळी काकांनी भिंतीकडे पाहिलं नाही. मग म्हणाले, "पहिला घास ही घ्यायची. 'चांगलं आहे, बसा' म्हणायची, मग मी बसायचो. आता कुणाच्या भरवशावर बसू?"

मला रागही आला आणि गलबलूनही आलं. माझंही घर एकटीचंच. त्या संध्याकाळपासून ते माझ्याकडे जेवायला लागले. त्यांच्यासमोर मी आमटी चाखायचे, "चांगली आहे, बसा" म्हणायचे. तरी काका तेल कुठलं ते विचारायचेच, पण पानात काही टाकायचे नाहीत.

काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी झाली. पित्ताशय स्वच्छ. काकांनी फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, "मशीन बदललंय यांनी." संध्याकाळी मात्र वेळेवर जेवायला हजर.

या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. हृदय थांबलं, पित्ताशयाशी काही संबंध नाही, डॉक्टरांनी समजावलं. मी डॉक्टरांकडे संशयानंच बघत राहिले.

परवा मी आमटी केली. सवयीनं पहिला चमचा चाखला आणि म्हणाले, "चांगली आहे, बसा." मग आमटी तशीच वॉचमनला देऊन आले.